दोन बोटं खाली

गाडी खाली घ्यायला आलेला मुलगा माप कधी इंचात सांगत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत तो आडवी बोटं घालतो आणि म्हणतो, “काका, आत्ता चार बोटं जातात. दोन राहिली पाहिजेत.” मग मी माझी बोटं घालून बघतो. माझी जाड आहेत, तीनच जातात. तिथूनच आमचं बोलणं सुरू होतं.

खोपोलीत शिळफाट्याजवळ, जुन्या मुंबई-पुणे हायवेवर आमचं गॅरेज. वडिलांनी सुरू केलेलं. मी 1979 साली, पंधराव्या वर्षी, त्यांच्या हाताखाली लागलो ते स्प्रिंगच्या पाट्यांच्या कामाला. गाडी जमिनीपासून किती उंच असावी, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यासोबत आहे. आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय : आमच्या कर्जत-खालापूरच्या रस्त्यांनी माणसाला पिढ्यान् पिढ्या गाडी वर उचलायलाच शिकवलं. खाली घ्यायची इच्छा इथं फार उशिरा आली. ती इच्छा मला पटते. पण तिचा हिशेब रस्त्याला विचारून करावा लागतो.

आधी बैलगाडीचं बघा. हा सगळा भाताचा मुलूख. पावसाळ्यानंतर चिखल वाळतो आणि त्यात चाकोऱ्या पडतात, ढोपरभर. आस त्या चाकोरीच्या उंचवट्याला लागू नये म्हणून चाक मोठं. लाकडाचे आरे, वर लोखंडी धाव, आणि आस थेट साट्याखाली. मध्ये स्प्रिंगची कमान नाही. हादरा सरळ बसणाऱ्याच्या मणक्यात. भाताच्या गोण्यांना त्याचं काही नव्हतं. माणसाने मात्र खाली पेंढा घालायचा, एवढाच इलाज.

बोरघाट हा तर लमाणांच्या तांड्यांचा आणि लष्कराचा. घाटाची वाट ज्या शिंग्रोबा धनगराने दाखवली असं सांगतात, त्याचं देऊळ जुन्या रस्त्याला आहे. आजही ड्रायव्हर तिथे हात जोडल्याशिवाय पुढे जात नाही. मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी 1830 साली घाटातून चाकाच्या गाडीचा रस्ता खुला केला. त्या रस्त्याचा दगडी पूल, ज्याला पुढे सगळे ‘अमृतांजन पूल’ म्हणू लागले, तो मी आयुष्यभर डोक्यावर पाहिला. एप्रिल 2020 मध्ये, सगळं बंद असताना, तो पाडला. मी त्या आठवड्यात गॅरेजच्या ओट्यावर नुसता बसून होतो.

रेल्वे 1856 साली खोपोलीपर्यंत आली. वर खंडाळा ते पुणे हा टप्पा 1858 साली सुरू झाला. मधला घाट 1863 मध्ये जोडला गेला. म्हणजे मधली काही वर्षं मुंबईहून आलेला माणूस खोपोलीला उतरायचा आणि घाट पालखीत, तट्टावर नाहीतर घोडागाडीत चढायचा. माझ्या धंद्याच्या नजरेने मी या पालख्यांकडे बघतो. दगडावर पाय पडला की भोई गुडघ्यात वाकतो, आणि आत बसलेल्याला धक्का निम्माच लागतो. पोलादाची कमान घोडागाडीबरोबर घाटात आली असेल, पण त्याआधी कमानीचं काम माणसाच्या गुडघ्याने केलं. स्प्रिंगला आपण ‘कमान’ म्हणतो आणि पाट्यांना ‘कमानपाटे’, हा शब्द फार नेमका आहे. भार पडला की कमान पसरते, सुटला की परत वळते.

मोटारींतली आमची खरी गाडी फियाट. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला बनवलेली. आधी ती गुबगुबीत ‘डुक्कर फियाट’, मग 1100, सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. पाटे म्हणजे एकावर एक, लहान होत गेलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध बोल्टने आवळलेल्या. लग्नसराईत त्या गाडीत नऊ माणसं बसत, वर कॅरिअरवर भांडी. पाच-सहा वर्षांत पाटे बसत. मागून खाली बसलेली फियाट ही थकलेल्या घराची खूण होती. गिऱ्हाईक लाजत लाजत यायचं, “मागून जरा उचलून द्या.”

ते काम मी शेकड्यांनी केलं. जॅक लावायचा, यू-बोल्ट सोडायचे, पाटे खाली घ्यायचे, एकेक सुटा करायचा. गंजलेला पाटा वायर ब्रशने घासायचा. मग ऐरणीवर ठेवून, थंडच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ घाव घालत कमान परत आणायची. घाव एकसारखा नसेल तर पाटा पिळतो आणि गाडी एका बाजूला झुकते. वडील डोळे मिटून फक्त आवाजावरून सांगायचे, घाव कुठे कमी पडला. कधी एक पाटा जास्तीचा भरायचा. कर्जतच्या बाजूने जीप यायच्या, नंतर मिनीडोर यायच्या, सगळ्यांना एकच हवं असायचं, पाटे भरून द्या. गावातच तेव्हा महिंद्र युजिनचा पोलादाचा कारखाना होता. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तिथे. मोटारीला लागणारं पोलाद म्हणजे काय आणि त्याला ताप दिला की काय होतं, हे आम्ही चहाच्या टपरीवर शिकलो.

म्हणून 2002 नंतर जेव्हा पहिला मुलगा “खाली घ्या” म्हणत आला, तेव्हा वडिलांना आधी समजलंच नाही. त्यांनी दोनदा विचारलं, “वर ना?”

एक्सप्रेसवे 2002 सालीच पूर्ण सुरू झाला होता. कळंबोलीपासून देहूरोडजवळ किवळ्यापर्यंत 94 किलोमीटरच्या वर, सहा पदरी, काँक्रीटचा, आणि आमच्या खालापूर तालुक्यातून सरळ गेलेला. या भागात कुणी असा रस्ता पाहिला नव्हता. खड्डा नाही, बैल नाही, गतिरोधक नाही. त्या रस्त्यावर उंच गाडी वाऱ्याने हलते आणि वळणात कलते, हे पोरांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. मारुतीची झेन 1993 ची, एस्टीम 1994 ची. एव्हाना दोन्ही जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या होत्या. जागा रस्त्यात गेलेल्या घरांत थोडे पैसेही आले होते.

त्या मुलाची झेन होती. मासिकातलं कापलेलं एक चित्र त्याने पुढे केलं, टायर मडगार्डच्या आत शिरलेलं. मी स्प्रिंग कापली. प्रत्येकी एक वेढा. गॅसने नाही, कटिंगच्या चाकाने, पाणी मारत मारत; गॅसची आच लागली की पोलादाचा पीळ मरतो आणि स्प्रिंग बसते किंवा तडकते, एवढं टपरीवरचं ज्ञान माझ्याकडे होतं. कापलेली स्प्रिंग कडक होते, हेही माहीत होतं. तार तीच, वेढे कमी. सहा चालते वेढे असतील आणि एक काढला तर कडकपणा साधारण पाचवा हिस्सा वाढतो.

माहीत नव्हतं ते बाकीचं. शॉकअपचा दांडा मूळ उंचीसाठी केलेला. गाडी खाली आली की त्याची दाबली जायची जागा संपते आणि तो सारखा रबरावर आपटतो. चाक खड्ड्यात लोंबलं की आखूड स्प्रिंग आपल्या बैठकीत सैल होते. चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने संपतो. आणि ज्याचं मला सगळ्यात नवल वाटलं : फार खाली घेतलेली गाडी वळणात कमी कलायच्या ऐवजी जास्त कलू लागली. खालचा आर्म मूळ आडवा, तो चाकाकडे चढता झाला. गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली गेला, म्हणून कलायला उलट लांब दांडा मिळाला. हे मला समजायला तीन वर्षं आणि चार गाड्या लागल्या.

जुलै 2005 चा तो पाऊस झाला, उल्हास नदी कर्जतमध्ये शिरली, आणि रस्ते महिनाभर उघडे पडले. ऑगस्टमध्ये तीच झेन पळसदरीच्या बाजूने येताना एका दगडावर बसली. इंजिनाच्या तेलाचा चेंबर फुटला. मुलाला कळलं नाही, तो तशीच चालवत राहिला, इंजिन जाम झालं. टेम्पोला दोर बांधून गाडी आमच्या दारात आली. तो काहीच बोलला नाही. काम माझं होतं, आणि कुठल्या रस्त्यावर तो रोज चालवतो हे मी विचारलं नव्हतं. त्या झेनचा कापलेला एक वेढा माझ्या फळीवर अजून आहे.

तेव्हापासून मी गतिरोधक मोजायला लागलो. भारतीय रस्ता काँग्रेसचं माप आहे : गोलाकार उंचवटा, 3.7 मीटर रुंद, मधोमध 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरला सुखाने ओलांडता यावा असा. झेनच्या पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर 2.3 मीटरच्या आसपास. म्हणजे अशा उंचवट्यावर चारही चाकं एकदम मावतात, आणि पोटाखालची जागा जेमतेम 4 सेंटिमीटरने कमी होते. दोन बोटं खाली घेतलेली गाडी त्यावरून अलगद जाते. पण कर्जत-चौक रस्त्यावर किंवा गावात शिरताना जे भेटतात ते असे नसतात. एखादं पोर गाडीखाली येतं, आणि दुसऱ्या दिवशी गावकरी खडी-डांबर टाकून हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा बांध घालतात. त्यांचं दुःख मी समजतो. मात्र त्या बांधावर पुढची चाकं उतरलेली असतात, मागची चढलेली नसतात, आणि सगळीच्या सगळी वीत पोटाला लागते. शेतघरांकडे जाणारे मुरमाचे रस्ते तर पावसानंतर मधोमध उंच राहतात, बैलगाडीच्या जुन्या चाकोरीसारखे.

लांबच्या एका मुलखातही हाच पेच पडला होता. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाची पोरं आपल्या जुन्या शेव्हरोले खाली घेत. आधी डिकीत वाळूची पोती टाकून, मग स्प्रिंग कापून. तिथल्या सरकारने 1958 पासून कायदा केला की गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली नको. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे या तरुणाने विमानाचे हायड्रॉलिक पंप बसवले, बटण दाबलं की गाडी वर, दाबलं की खाली. तो कायदा राज्याने 2023 साली मागे घेतला. हे वाचलं तेव्हा मला त्या अगिरेला भेटावंसं वाटलं. रोजच्या रस्त्याला एक उंची आणि मनाला दुसरी, हे त्याने ओळखलं होतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. स्प्रिंग कापायचं मी त्याआधीच सोडलं होतं. आता कापून द्या म्हणणाऱ्याला मी सांगतो की गाडी आहे तशी ठेव, बुश नवे टाक, चांगले शॉकअप टाक, टायरची हवा नीट ठेव, अलाइनमेंट कर. निम्म्या मुलांना जे हवं असतं ते एवढ्यात मिळतं. त्यांची गाडी कलत असते ती उंचीमुळे नाही, मेलेल्या शॉकअपमुळे.

आणि तरी त्यांचं खाली बसायचं वेड मला खोटं वाटत नाही. ती झेन मी एकदा पहाटे स्वतः घाटात नेली होती, चेंबर फुटायच्या आधी. शिंग्रोबाच्या पुढच्या वळणात गाडी रस्त्याला चिकटून फिरली, अंग सीटमधून सरकलं नाही. तेवीस वर्षं पाटे उचलत आलेल्या माणसाला ते सुख नवीन होतं.

जे अजूनही ऐकत नाहीत त्यांच्यासाठी एक लाकडी पट्टी आहे. चेंबरखाली, तो म्हणेल तेवढी बोटं सोडून, मी ती तारेने बांधतो आणि खालच्या बाजूला ओला खडू फासतो. सांगतो, घरी जाऊन ये. रोज जातोस त्याच वाटेने, आईला मागे बसवून. परवा कशेळेकडचा एक मुलगा गेला. दीड तासाने परत आला, वाकून स्वतःच पट्टी बघितली. खडू नव्हताच, लाकडाचा पुढचा कोपराही उडाला होता. त्याने तार सोडली, पट्टी माझ्या हातात दिली आणि विचारलं, “काका, शॉकअपचे किती होतील?”