पहिला श्रोता : मानसिक आरोग्याच्या चळवळीतील तरुण

वसई-माणिकपूरच्या माणसाला ‘ठाण्याला जाणे’ या शब्दांचे दोन अर्थ ठाऊक होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत ठाणे हे त्याच्या जिल्ह्याचे मुख्य गाव. जिल्हाधिकारी कचेरीतले काम निघाले की खाडी ओलांडून ठाण्याला जावे लागे. दुसरा अर्थ मात्र दबक्या आवाजात, किंवा थट्टेत उच्चारला जाई. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झाले आणि ‘याला ठाण्याला पाठवा’ हा वाक्प्रचार मुंबई-कोकणात रुळला. पुण्याकडे तीच जागा ‘येरवड्या’ने घेतली. आजही शाळेच्या मधल्या सुट्टीत ही थट्टा कानावर पडते.

थट्टा म्हणून आपण ती सोडून देतो. पण ती मुलांना एक धडा शिकवते. मन बिघडलेल्या माणसाला लांब कोठेतरी नेतात आणि घरचे लोक त्याबद्दल बोलत नाहीत, हा तो धडा. मग नववीतल्या एखाद्या मुलीला महिनाभर झोप लागत नसेल, वाचलेले डोक्यात शिरत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर ती कोणाला सांगणार? आईवडिलांना बहुधा नाही, शिक्षकांना त्याहून नाही. सांगितलेच तर बाकावर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सांगेल. ही मैत्रीण म्हणजे पहिला श्रोता. तिचे वय चौदा-पंधरा आहे आणि तिला कोणी काही शिकवलेले नाही. मानसिक आरोग्याच्या चळवळीचा इतिहास या पहिल्या श्रोत्याच्या बाजूने पाहिला, तर त्यातून शाळेला उपयोगी पडतील असे काही निष्कर्ष हाती लागतात.

भिंतीच्या आतून आलेला आवाज

ठाण्याचे रुग्णालय उभे राहिले त्या काळात मनोरुग्णांविषयीचे कायदे मुख्यतः त्यांना ताब्यात कसे ठेवायचे याचा विचार करीत. १९१२ च्या भारतीय कायद्याच्या इंग्रजी नावातच ‘वेडेपणा’ हा शब्द होता. तो कायदा रद्द करणारा नवा कायदा १९८७ साली संमत झाला आणि १९९३ पासून अमलात आला. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षे आपण त्या जुन्या चौकटीत राहिलो. डॉक्टर, दंडाधिकारी आणि नातेवाईक यांना या व्यवस्थेत स्थान होते. रुग्णाच्या बोलण्याला जवळजवळ नव्हते.

त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळी घटना घडत होती. क्लिफर्ड बीअर्स हा येल विद्यापीठाचा पदवीधर १९०० साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, गंभीर मानसिक आजाराने रुग्णालयात गेला. पुढची तीन वर्षे त्याने वेगवेगळ्या रुग्णालयांत काढली आणि तेथे मिळणारी वागणूक जवळून पाहिली. बरा झाल्यावर त्याने लिहिलेले आत्मकथन १९०८ साली प्रसिद्ध झाले. १९०९ साली त्याच्याच पुढाकाराने या विषयावर काम करणारी राष्ट्रीय समिती स्थापन झाली. आधुनिक मानसिक आरोग्य चळवळीचा आरंभ अनेक इतिहासकार येथे मानतात. एका तरुण रुग्णाने स्वतःच्या नावाने बोलणे हे त्या आरंभाचे वैशिष्ट्य होते. लोकांना विषय समजला तो एका माणसाच्या अनुभवातून.

येरवड्याचा आणि ठाण्याचा नवा अर्थ

महाराष्ट्रात या वळणाची एक ठळक खूण १९८६ सालची आहे. त्या काळात ‘गर्द’, म्हणजे ब्राउन शुगर, मुंबई-पुण्यातील कोवळ्या तरुणांपर्यंत पोहोचली होती. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. त्याची उभारणी डॉ. अनिता अवचट यांनी केली. जागा होती येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्याच आवारात. ज्या नावाची लोकांना भीती वाटे, त्याच आवारात व्यसनातून सुटू पाहणारी मुले एकमेकांशी बोलू लागली. बरे झालेले रुग्ण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले. ‘मीही या अवस्थेतून गेलो आहे’ असे म्हणू शकणाऱ्या माणसाचे ऐकले जाते, हे तेथे रोजच्या व्यवहारात दिसले.

चार वर्षांनी, १९९० साली, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली. उपचारांबरोबर व्याख्याने, शाळांमधील कार्यक्रम, स्वयंसेवकांचे प्रशिक्षण अशी कामे तिने अंगावर घेतली. ‘ठाण्याला जाणे’ याला तिसरा अर्थ मिळण्याची ही सुरुवात होती. मन चांगले राहावे यासाठीही माणूस तेथे जाऊ शकतो, हा तो अर्थ.

गोव्याचे ‘युवा मित्र’ आणि पेठची ‘आत्मीयता’

तरी एक प्रश्न उरतोच. मनोविकारतज्ज्ञ नसलेल्या तरुणांनी हे काम केले, तर त्याचा खरोखर उपयोग होतो का? सद्‌भावना हा पुरावा नव्हे. येथे विज्ञानाच्या पद्धतीने तपासणी करावी लागते.

गोव्यात १९९६ साली डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘संगत’ ही संस्था स्थापन केली. तिच्या ‘युवा मित्र’ या प्रकल्पात १६ ते २४ वयाच्या तरुणांचा विचार होता. वस्तीतल्याच तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांनी समवयस्कांशी बोलायचे, शिक्षकांनाही तयार करायचे आणि सोप्या भाषेतील माहितीपत्रके वाटायची, अशी त्याची रचना होती. विषय एकट्या उदासीनतेचा नव्हता. व्यसन, हिंसा, लैंगिक आरोग्य हेही त्यात होते, कारण तरुणांच्या आयुष्यात हे प्रश्न हातात हात घालूनच येतात. एक शहरी व एक ग्रामीण वस्ती प्रकल्पासाठी, आणि तुलनेसाठी तशाच दोन वस्त्या निवडल्या. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रकल्प झालेल्या शहरी व ग्रामीण अशा दोन्ही वस्त्यांत संभाव्य नैराश्याचे आणि तरुणांच्या हातून होणाऱ्या हिंसेचे प्रमाण तुलनेच्या वस्त्यांपेक्षा कमी आढळले. वस्त्या केवळ चार होत्या, त्यामुळे हा अंतिम पुरावा नव्हे. मात्र दिशा कळण्यास तो पुरेसा होता.

दुसरा प्रयोग नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यातला. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्राने २०१३ ते २०१५ या काळात तेथील ४१ गावांत ‘आत्मीयता’ हा प्रकल्प राबवला. गावातल्याच स्वयंसेवकांना दुःखी, खचलेली माणसे ओळखायला आणि त्यांच्याशी पद्धतशीर बोलायला शिकवले गेले. मोबाइलवर लघुपट दाखवून ते गावात चर्चा घडवून आणीत. सरकारी योजनेचा अर्ज भरून देणे हाही कामाचाच भाग होता; कारण थकलेल्या निवृत्तिवेतनामुळे आलेली चिंता नुसत्या धीराच्या शब्दांनी जात नाही. पुढे हा प्रकल्प गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला.

चौदाव्या वर्षाचे महत्त्व

या सगळ्याचा शाळेशी संबंध वयामुळे येतो. जगभरातील १९२ अभ्यास एकत्र करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की ज्यांना आयुष्यात कधीतरी मानसिक आजार होतो, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांत तो चौदाव्या वर्षाआधी सुरू होतो आणि जवळजवळ निम्म्यांत अठराव्या वर्षाआधी. आजार सुरू होण्याचे सर्वाधिक प्रमाण साडेचौदा वर्षांच्या आसपास आढळते. हे आपले आठवी-नववीचे वर्ग. भारतात २०१५-१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. साठ मुलांच्या वर्गात हे प्रमाण सरासरी चार मुले इतके होते. ही चार मुले कोणती, हे हजेरीपटावर लिहिलेले नसते. त्यांच्या मित्रांना मात्र अनेकदा माहीत असते.

दोन चाचण्या

आता शिक्षकांना थोड्या बोचतील, पण उपयोगी पडतील, अशा दोन चाचण्या पाहू.

पहिली युरोपातील दहा देशांत झाली. १६८ शाळा आणि अकरा हजारांहून अधिक विद्यार्थी तिच्यात होते. शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले. एका गटात शिक्षकांना धोक्याची चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्यात व्यावसायिकांनी प्रश्नावलीद्वारे मुलांची तपासणी केली. तिसऱ्यात थेट विद्यार्थ्यांबरोबरच काही आठवड्यांत मिळून पाच तास काम केले : भूमिकानाट्ये, चर्चा, छोटी पुस्तिका, वर्गात लावलेली भित्तिपत्रके. चौथा गट तुलनेसाठी. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर तिसऱ्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या निम्म्याहून कमी होते (०.७० टक्के विरुद्ध १.५१ टक्के). केवळ शिक्षकांना प्रशिक्षण दिलेल्या गटात लक्षणीय फरक पडला नाही.

दुसरी चाचणी बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील ७४ माध्यमिक शाळांत झाली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम एकच होता : मनातले लिहून टाकण्याची पेटी, भित्तिपत्रक, विद्यार्थ्यांचे मित्रगट, गरजेनुसार वैयक्तिक समुपदेशन. काही शाळांत तो खास नेमलेल्या, प्रशिक्षित पण मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाने चालवला. काही शाळांत शिक्षकाने. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे व दादागिरी कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत मात्र परिणाम दिसला नाही.

शिक्षक कमी पडतात, असा याचा अर्थ आम्ही लावत नाही. शिक्षकाच्या एका हातात गुणपत्रिका असते, दुसऱ्या हातात पालकांना पाठवायची चिठ्ठी. वर तपासायच्या वह्या आणि निवडणुकीची कामे. अशा व्यक्तीपुढे मुलगा मन मोकळे करील ही अपेक्षाच जड आहे. दोन्ही चाचण्या एकत्र ठेवल्या तर दिसते ते असे : मुलांना या कामात प्रत्यक्ष सहभागी करून घ्यावे लागते, आणि त्यांच्या मागे केवळ याच कामासाठी नेमलेला प्रशिक्षित माणूस उभा असावा लागतो. यांतील एकच बाजू उचलून चालत नाही.

खांदा आणि ओझे

येथे एक धोका सांगितला पाहिजे. ‘विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने’ असे म्हणत सगळा भार विद्यार्थ्यांवरच टाकणे सोपे आहे. त्याला खर्च येत नाही आणि फलकही सुंदर होतात. पण चौदा वर्षांच्या मुलाने मित्राच्या जिवाची जोखीम एकट्याने वाहू नये. ‘कोणाला सांगू नकोस, शपथ आहे’ ही मैत्रीतली सर्वांत जुनी अट. मित्राच्या जिवाला धोका असेल, तर हीच एक शपथ मोडायची असते, हे मुलांना आधीच, शांत वेळी, स्पष्ट शब्दांत शिकवावे लागते. ऐकून घे, उपदेश करू नकोस, एकटे सोडू नकोस, आणि मोठ्या माणसाला सांग. पहिल्या श्रोत्याचे काम एवढेच. पुढचे काम मोठ्यांचे.

मोठ्यांवर हे काम आता कायद्यानेही आले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २०१८ पासून लागू झाला. सेवा मिळणे हा त्याने नागरिकांचा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही केंद्र सरकारची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र चालू आहे. तेथे मराठीतही बोलता येते. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांविषयीच्या एका प्रकरणात देशभरासाठी मार्गदर्शक आदेश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी नियमित संबंध जोडावयाचा आहे. आपल्या शाळेत यांपैकी काय झाले, हे विचारण्याचा अधिकार शिक्षकाला आणि पालकालाही आहे.

माणिकपूरसारख्या ठिकाणी हे लवकर व्हायला हवे. अनेक घरांतले आईवडील सकाळी विरार गाडीने मुंबईकडे निघतात आणि परततात ते अंधार पडल्यावर. मधल्या वेळात मुलाच्या सर्वांत जवळ असतो तो मित्र, शिकवणीचा वर्ग, गणेशोत्सव मंडळाचा किंवा चर्चच्या युवक गटाचा सोबती. बोलणारी-ऐकणारी मुले येथे आहेतच. त्यांच्या मागे उभी राहणारी माणसे ठरवायची आहेत.

सुरुवात एका तासिकेत करता येईल. वर्गात प्रत्येकाला कोरी चिठ्ठी द्या आणि नाव न घालता एवढेच लिहायला सांगा : ‘माझ्या मित्राने उद्या मला जगणे नकोसे झाल्याचे सांगितले, तर मी कोणत्या मोठ्या माणसाकडे जाईन?’ चिठ्ठ्या गोळा करून घरी वाचा. किती जणांनी एखादे नाव लिहिले आणि किती चिठ्ठ्या कोऱ्याच परत आल्या, ते मोजा. काम किती आहे, ते त्या कोऱ्या चिठ्ठ्यांची संख्या सांगेल.