नाव सारखे, गाव वेगळे

वर्ध्याहून आर्वीकडे जाताना आमचे गाव लागते. सरकारी कागदावर त्याचे नाव 'आंजी (मोठी)' असे आहे. हे कंसातले 'मोठी' कशाला, असे बाहेरचे लोक विचारतात. एकाच नावाची दोन गावे असली की महसुलात, टपालात, कोर्टकचेरीत घोळ होतो. म्हणून नावाला खूण जोडण्याची पद्धत पडली.

महाराष्ट्रभर ही खूण बहुतेक ठिकाणी फारसीतून आली आहे. 'बुद्रुक' म्हणजे मूळचा 'बुजुर्ग', अर्थात मोठा. 'खुर्द' म्हणजे छोटा. दख्खनच्या सुलतानी काळापासून महसुली दफ्तरात फारसी रुळली आणि गावांच्या नावांत कायमची राहिली. सारखी नावे वेगळी ओळखता यावीत, एका गावाचा सारा दुसऱ्याच्या नावावर चढू नये, हा त्यामागचा व्यवहार होता.

ही गफलत किती त्रासदायक असते, याचे मोठे उदाहरण आमच्याच जिल्ह्यात घडले. 1936 साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला आले. देशभरातून त्यांना पत्रे येऊ लागली. पण रेल्वेमार्गावरचे बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव अधिक परिचित होते. सेगावची टपाल शेगावला जाऊ लागली. अखेर 1940 मध्ये सेगावचे नाव बदलून सेवाग्राम करण्यात आले. 'से' आणि 'शे' एवढ्याच फरकाने खुद्द गांधीजींची पत्रे वाट चुकत होती.

तिथे कुणाचा डाव नव्हता, चूक होती. जाणूनबुजून दुसऱ्याचे नाव घेणाऱ्यासाठी मराठीत वेगळा शब्द आहे: तोतया. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतात सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईही वाट पाहत राहिल्या. लोकांच्या या आशेवरच एक माणूस 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला. तो पकडला गेला, कैदेत पडला. 1776 मध्ये रत्नागिरीतून सुटून त्याने कोकणात मोठे बंड केले. शेवटी पुण्यात त्याला देहदंड झाला. किल्ल्यांचे दरवाजे त्याने तोफांनी फोडले असे नाही. भाऊंचे नाव ऐकून माणसे त्याच्या मागे गेली.

अशा फसवणुकीवर त्या काळच्या कारकुनांनी उपायही शोधले होते. पत्र संपले की खाली 'मोर्तब सूद' लिहीत, लेखनसीमेचा शिक्का उठवीत. त्याखाली कुणी एक ओळही घुसवली तर ती खोटी, हे वाचणाऱ्याला कळे. मजकूर कितीही गोड असो, आधी शिक्का पाहायचा, ही शिस्त होती.

आज हीच शिस्त मोबाईलवर हवी आहे. आमच्या मोहल्ल्यात शिलाईकाम करणारे एक चाचा आहेत. मुलाने त्यांना सोशल मीडियावर दुकानाचे पान काढून दिले. ईदच्या बऱ्याचशा ऑर्डरी तिथूनच येतात. गेल्या रमजानमध्ये त्यांना मेसेज आला: 'तुमच्या पानाची मुदत आज रात्री संपते. 99 रुपये भरून नूतनीकरण करा, नाहीतर पान कायमचे बंद होईल.' चिन्ह ओळखीचे, नावही ओळखीचे. चाचांनी लिंक उघडून कार्डाचा नंबर दिला, आलेला ओटीपी दिला. 99 ऐवजी 18 हजार गेले. त्यात गिऱ्हाइकांनी कापडासाठी दिलेली आगाऊ रक्कम होती.

चाचांनी ही गोष्ट दोन दिवस कुणालाच सांगितली नाही. "बेटा, लोग हंसेंगे," एवढेच ते नंतर म्हणाले. तिसऱ्या दिवशी आम्ही तक्रार केली, तोवर पैसे पुढे निघून गेले होते.

तोतया आशेवर जगला, हे मेसेज भीतीवर जगतात. पान बंद होईल, वाहिनी बंद होईल, वीज कापली जाईल. 2022 मध्ये 'आज रात्री वीज तोडणार' असे खोटे मेसेज एवढे फिरले की महावितरणला ग्राहकांना सावध करावे लागले. घाई लावणे हीच त्यांची पहिली खूण.

दुसरी खूण पत्त्यात असते. पाकिटावर 'आंजी' लिहिले म्हणून पत्र आंजीला पोहोचत नाही, खालचा तालुका-जिल्हा पाहूनच ते कुठे जायचे ते ठरते. लिंकचेही तसेच. 'ओळखीचीकंपनी.रिन्यूआज.कॉम' अशा पत्त्यात मालक 'रिन्यूआज' आहे, पुढचे नाव नुसती सजावट. म्हणून पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पत्ता उर्दूसारखा उजवीकडून वाचायचा. त्याहून सोपे म्हणजे मेसेजमधली लिंक उघडायचीच नाही. आपल्या हाताने ॲप उघडून मुदत खरेच संपली का, ते तिथे पाहायचे.

तिसरी खूण पैशांच्या वाटेची. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 1 ऑक्टोबर 2021 पासून आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची सूचना बँकेने किमान 24 तास आधी द्यायची असते. जिथे आपण कधी वर्गणी भरलीच नाही, तिथे नूतनीकरण कसले? चाचांचे पान तर फुकटचे होते. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन लागत नाही. 'परतावा मिळेल, पिन टाका' असे कुणी म्हणाले तर तो तोतया समजावा.

एवढे करूनही कुणी फसला तर त्याला हसू नये. त्याच घडीला 1930 या क्रमांकावर फोन लावावा, बँकेला कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी कळवले तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या हलगर्जीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे शरमेपोटी गप्प राहण्याची किंमत रुपयांत मोजावी लागते.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. साक्षीदार म्हणजे आणखी दोन डोळे. मुदत संपल्याचा मेसेज आला की पैसे भरण्याआधी घरातल्या, शेजारच्या कुणाला तरी तो दाखवावा. चाचा आता दुकानात येणाऱ्या पोरांना प्रत्येक मेसेज दाखवतात.