सॉकेट कोणाच्या मालकीचे?

कॉम्प्युटरच्या अभ्यासक्रमात नेटवर्क प्रोग्रामिंगचे प्रकरण उघडले की पहिल्याच पानावर सॉकेट हा शब्द भेटतो. विद्यार्थी पाच-सहा फंक्शने पाठ करतो, प्रयोगवहीत उतरवतो आणि पुढे जातो. ही फंक्शने आली कुठून आणि आपल्याला फुकट कशी मिळाली, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. सांगायला हवे, कारण ती अशी सहज मिळणार नव्हती.

सॉकेट हा शब्द अर्पानेटच्या कागदपत्रांत 1971 सालीच आहे. पण आजचे सॉकेट बर्कलीचे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या दार्पा या संस्थेने कॅलिफोर्निया विद्यापीठाला युनिक्समध्ये टीसीपी-आयपी बसवण्यासाठी पैसा दिला. मूळ कोड बीबीएन कंपनीचा होता. बिल जॉय या विद्यार्थ्याने तो घेऊन बराचसा आपल्या पद्धतीने बदलला. 1 जानेवारी 1983 रोजी अर्पानेट टीसीपी-आयपीवर गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 4.2 बीएसडी बाहेर पडले. तोवर जॉय सन कंपनीत गेले होते. काम इतरांनी तडीस नेले.

युनिक्समध्ये फाइल उघडली की एक क्रमांक मिळतो. बर्कलीवाल्यांनी नेटवर्कच्या जोडणीलाही तसाच क्रमांक दिला. टेलिफोनचा दाखला घ्या. सॉकेट म्हणजे फोन आणणे, बाइंड म्हणजे त्याला नंबर लावणे, लिसन म्हणजे घंटी चालू करणे, ॲक्सेप्ट म्हणजे उचलणे. पलीकडचा माणूस कनेक्ट करतो. मात्र दाखला इथे तुटतो: ॲक्सेप्ट केल्यावर बोलण्यासाठी नवाच सॉकेट हातात येतो आणि जुना पुढच्या गिऱ्हाइकासाठी दारात उभा राहतो. नवशिके इथे हमखास अडखळतात. दुसरी अडचण अशी की टीसीपी म्हणजे पाण्याची धार आहे, टपालाची पाकिटे नव्हेत. एकदा सेंड केलेले पलीकडे दोन-तीन वेळा रिसीव्ह करून गोळा करावे लागू शकते.

आणखी एक भानगड बाइटच्या क्रमाची. बर्कलीची व्हॅक्स यंत्रे संख्येचा लहान टोकाकडचा बाइट आधी ठेवत, नेटवर्कवर मोठा आधी जातो. क्रम उलटा झाला तर पोर्ट 80 चा 20480 होतो. डॅनी कोहेन यांनी 1980 साली या वादावर लेख लिहिला आणि अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावर लढणाऱ्या गलिव्हरच्या गोष्टीतली नावे दोन्ही पक्षांना चिकटवली. ती आजही चालतात!

आता मालकीचा प्रश्न. युनिक्स एटी अँड टीचे. बर्कलीची टेप हवी तर आधी एटी अँड टीचा परवाना हवा, आणि त्याची किंमत वाढत चाललेली. नेटवर्कचा कोड तर एटी अँड टीचा नव्हताच, मग त्यासाठी परवाना कशाला? म्हणून 1989 साली विद्यापीठाने तेवढाच भाग वेगळा काढला. टेपची किंमत 1000 डॉलर, पण एकदा घेतल्यावर कोणालाही नक्कल देण्याची मोकळीक. काहींनी ती लगेच नेटवर खुली ठेवली. 1991 मध्ये जवळजवळ संपूर्ण प्रणाली अशीच बाहेर आली आणि 1992 मध्ये एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने कोर्टात धाव घेतली. दावा 1994 साली तडजोडीने मिटला. सुमारे 18,000 फाइलींपैकी फक्त 3 काढाव्या लागल्या. दोन वर्षे एवढ्यासाठी!

एटी अँड टीची टीएलआय नावाची स्वतःची पद्धतही होती. कागदावर ती नीटनेटकी होती, पण लोक आधीच सॉकेटला सरावले होते. 1993 च्या जानेवारीत विन्सॉक 1.1 आले आणि विंडोजनेही बर्कलीचाच नमुना घेतला.

आज पायथनमध्ये सॉकेटची सुरुवात दहा ओळींत होते आणि फंक्शनांची नावे 1983 चीच आहेत. कित्येक उदाहरणांत लिसनला 5 हा आकडा दिलेला दिसतो. 4.2 बीएसडीमध्ये लिसनला देता येणाऱ्या या आकड्याची कमाल मर्यादा तेवढीच होती.