‘लष्कर बोलावले’

१. ‘लष्कर बोलावले’ : लेखकाचा रोख ११ जुलै १९६१च्या रात्रीकडे आहे. पानशेतचे मातीचे धरण अपुरे असतानाच भरले होते आणि पाणी सोडण्याच्या मोरीवरचा बांध खचू लागला होता. जवानांनी भर पावसात, अंधारात तिथे मातीची पोती रचून बांधाची उंची राखली. धरण वाचले नाही. पण ते फुटले १२ जुलैच्या सकाळी. खालचे खडकवासला धरणही फुटले. तरी पुण्यात पाणी शिरले ते दिवसाउजेडी, लोक जागे असताना. रात्रीच धरण फुटते, तर प्राणहानी कितीतरी वाढली असती.

‘बोलावले’ याचा अर्थ शहर लष्कराच्या हवाली केले, असा नाही. अशा वेळी मुलकी प्रशासन मदत मागते आणि काम नेमून देते. जवान मात्र आपल्याच अधिकाऱ्यांच्या हुकमाखाली राहतात आणि गरज सरताच छावणीत परततात. दंगल आवरण्यासाठी लष्कर आणणे ही बाब निराळी. तिचे नियमही वेगळे. आज पुरासारख्या आपत्तीत धावून येणारे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल (एनडीआरएफ) २००५च्या कायद्यानंतरचे आहे.  — संपा.