गुडघा व नडगी संरक्षक (माउंटन बायकिंग)

गुडघा व नडगी संरक्षक ही माउंटन बायकिंग, डर्ट जंपिंग व बीएमएक्स या सायकल-प्रकारांत पायाच्या पुढील भागाचे आघात, खरचटणे व जखमा यांपासून रक्षण करणारी साधने होत. सायकलपटूंमध्ये ती ‘नी पॅड’ व ‘शिन गार्ड’ या नावांनी ओळखली जातात. ही दोन्ही साधने पुष्कळदा एकत्र विकली जात असली, तरी त्यांचे कार्य एक नाही. गुडघ्याला धोका असतो तो जमिनीपासून. नडगीला धोका असतो तो बहुतांशी स्वतःच्याच सायकलच्या पेडलपासून. निवडीसंबंधीचे बहुतेक प्रश्न या फरकातून उद्भवतात.

दुखापतीचे स्वरूप

सायकलवरून पडताना तळहात, कोपर व गुडघे हे भाग बहुधा प्रथम जमिनीला लागतात. गुडघ्याची वाटी त्वचेच्या लगेच खाली असते व तिच्यापुढे स्नायूंचा थर नसतो. त्यामुळे खडकावर गुडघा आपटल्यास वाटीला तडा जाणे, तिच्यापुढील द्रवयुक्त पिशवीला सूज येणे किंवा खडीमुळे त्वचा सोलवटून निघणे अशा दुखापती संभवतात.

नडगीच्या हाडाचा पुढील-आतील पृष्ठभागही असाच उघडा असतो. हाड व त्वचा यांमध्ये हाडावरील संवेदनशील आवरणाखेरीज फारसे काही नसल्याने तेथील साधा फटकाही असह्य वेदना देतो, आणि तेथील जखमा भरण्यास वेळ लागतो.

डर्ट जंपिंगमध्ये सपाट पेडल वापरले जातात. बुटाचा तळवा घसरू नये म्हणून त्यांवर धातूच्या लहान पिना बसविलेल्या असतात. उडी मारताना किंवा उतारावर दोन्ही पेडल आडव्या रेषेत ठेवून स्वार उभा असतो. अशा वेळी पुढचा पाय घसरला, तर मागच्या पायावरील भारामुळे मागचे पेडल खाली जाते आणि पुढचे पेडल झटक्याने वर येऊन नडगीवर आदळते. फ्रीव्हील असलेल्या सायकलीत क्रँक उलट दिशेने मुक्तपणे फिरत असल्याने या गतीला कोणताही अडथळा नसतो. पायाला धरून ठेवणारी पिन हीच पाय सुटल्यावर जखम करते. टेलव्हिपसारख्या कसरतींत सायकलचा सांगाडा हवेत हँडलभोवती पूर्ण फिरविला जातो. तो परत येताना पाय नेमका पेडलवर न पडल्यास नडगीला तसाच मार बसतो.

याउलट क्लिपलेस पेडलमध्ये बुटाखालील क्लीट पेडलच्या खाचेत अडकते (जुन्या पद्धतीच्या टो-क्लिप नाहीत म्हणून हे काहीसे दिशाभूल करणारे नाव). पाय सहसा घसरत नसल्याने या पेडलवर नडगीच्या जखमा कमी होतात. लांब पल्ल्याच्या क्रॉस-कंट्री स्वारीत नडगी संरक्षक क्वचितच दिसतात, त्याचे हे एक कारण होय.

रचना व साहित्य

संरक्षक दोन मार्गांनी काम करतो: आघात मोठ्या क्षेत्रावर पसरवितो आणि तो शोषला जाण्याचा काळ किंचित लांबवितो. कठीण कवचाच्या संरक्षकात प्लास्टिकची वाटी बाहेर व फोमचा थर आत असतो. टोकदार दगड किंवा पेडलची पिन अडविण्यास कवच उत्तम. शिवाय ते जमिनीवर अडकून न राहता घसरते. मात्र ते जड, गरम व पेडल मारताना अडचणीचे असते.

मऊ संरक्षकांत बहुधा गतिसंवेदी पॉलिमर वापरतात. ब्रिटनमध्ये विकसित झालेले डीथ्रीओ हे त्यांपैकी सर्वपरिचित होय. हे साहित्य सावकाश वाकविल्यास लवचीक राहते, परंतु अचानक फटका बसताच क्षणभर ताठर होऊन ऊर्जा शोषते. त्यामुळे पातळ व गुडघ्याबरोबर वाकणारे संरक्षक शक्य झाले. अशा साहित्याचे वर्तन तापमानानुसार बदलते: थंडीत ते कडक, तर उन्हात अधिक मऊ होते. मऊ संरक्षकाचे बाहेरील कापड खडीवर फाटू नये म्हणून त्यात अनेकदा केव्हलारसारखे ॲरामिड तंतू विणलेले असतात.

मानके

माउंटन बायकिंगचे अनेक उत्पादक आपल्या गुडघा संरक्षकांची चाचणी ईएन १६२१-१ या मूळतः मोटारसायकलस्वारांसाठी केलेल्या युरोपीय मानकानुसार करून घेतात. या चाचणीत ५० जूल ऊर्जेचा आघात दिला जातो, म्हणजे ५ किलोग्रॅम वजन सुमारे १ मीटर उंचीवरून सोडले जाते, आणि संरक्षकातून पलीकडे पोहोचणारे बल मोजले जाते. २०१२च्या आवृत्तीनुसार हे सरासरी बल पहिल्या स्तरासाठी ३५ किलोन्यूटनपेक्षा, तर दुसऱ्या स्तरासाठी २० किलोन्यूटनपेक्षा अधिक असता कामा नये. २० किलोन्यूटन म्हणजे सुमारे २ टन वजनाइतके बल, अर्थात अत्यल्प काळासाठी. यावरून ‘प्रमाणित’ म्हणजे ‘अभेद्य’ नव्हे, हे लक्षात येते.

लेबलवरील रोमन अक्षरे खरेदीदारांकडून बरेचदा दुर्लक्षिली जातात. ‘के’ म्हणजे केवळ गुडघा, ‘एल’ म्हणजे गुडघ्याखालील पायाचा पुढचा भाग, तर ‘के+एल’ म्हणजे गुडघा व नडगीचा वरचा-मधला भाग. दिसायला लांबलचक असलेल्या संरक्षकावर फक्त ‘के’ असल्यास नडगीवरील भागाची आघातचाचणी झालेली आहे असे गृहीत धरता येत नाही. ‘ए’ व ‘बी’ हे प्रकार आकाराचे आहेत. ‘ए’चे संरक्षित क्षेत्र लहान असते. टी+ हे चिन्ह ४० अंश सेल्सियसवर, तर टी− हे उणे १० अंशांवर घेतलेली ऐच्छिक चाचणी दर्शविते. ज्या प्रदेशांत उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेथील स्वारांसाठी टी+ विशेष अर्थपूर्ण होय. विदर्भ व मराठवाडा त्यांत मोडतात. नुसते सीई चिन्ह पुरेसे मानू नये. मानकाचा क्रमांक व स्तर पाहणे आवश्यक आहे.

निवड

क्रॉस-कंट्री व ट्रेल प्रकारांत स्वार तासन्‌तास पेडल मारतो. येथे पातळ, हवा खेळती ठेवणारा व बाहीसारखा चढविता येणारा संरक्षक उपयुक्त ठरतो. जाड संरक्षक चढावर काढून पिशवीत ठेवले जातात आणि उताराच्या वेळी पुन्हा घालायचे राहून जातात. पायात असलेला पहिल्या स्तराचा संरक्षक पिशवीतल्या दुसऱ्या स्तराच्या संरक्षकापेक्षा केव्हाही बरा. डाउनहिलमध्ये वेग अधिक व चढण अत्यल्प असल्याने जाड किंवा कठीण कवचाचे, गुडघ्याच्या बाजूंनाही अस्तर असलेले संरक्षक घेतले जातात. बाजूंचे हे अस्तर सायकलच्या वरच्या नळीवर गुडघा आपटतो तेव्हा कामी येते.

डर्ट जंपिंगमध्ये सपाट पेडल, वारंवार पडणे व पेडल मारण्याचे अल्प काम या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. म्हणून येथे गुडघा व नडगी दोन्हींचे संरक्षण सयुक्तिक ठरते, विशेषतः नवी कसरत शिकताना. एकसंध संरक्षकात दोन भागांमध्ये फट राहत नाही; स्वतंत्र जोडीत मात्र सराव वाढल्यावर नडगीचा भाग वगळता येतो. काही स्वार मोज्याखाली फुटबॉलचे शिन गार्ड घालतात. (फुटबॉलमधील या साधनाचे श्रेय १८७४मध्ये क्रिकेटचे पॅड कापून वापरणाऱ्या सॅम विडोसन या इंग्लिश खेळाडूला दिले जाते.) पेडलच्या फटक्यासाठी ते स्वस्त व बऱ्यापैकी उपयुक्त आहेत, परंतु पोटरीच्या बाजूला काहीच संरक्षण देत नाहीत. धातूच्या पिनांऐवजी बोथट प्लास्टिकच्या पिना असलेले पेडल वापरणे हाही नवशिक्यांसाठी तितकाच परिणामकारक उपाय होय.

मापन व बसणी

मांडीचा घेर गुडघ्याच्या मध्यापासून साधारण १० सेंटिमीटर वर आणि पोटरीचा घेर तितक्याच अंतरावर खाली मोजतात. नेमके अंतर उत्पादकागणिक बदलते, म्हणून प्रत्येकाचा मापतक्ता स्वतंत्रपणे पाहावा लागतो. दोन मापांच्या मध्ये असलेल्या व्यक्तीने मोठे माप घेतल्यास संरक्षक पहिल्याच आपटीत खाली सरकण्याचा संभव असतो. तपासणी उभ्याने नव्हे, तर गुडघा वाकवून करावी: पेडल वरच्या टोकाला असताना वाटी पूर्ण झाकलेली असली पाहिजे आणि गुडघ्यामागे कापडाच्या वळ्या रुतता कामा नयेत. वरच्या काठावरील सिलिकॉनची पट्टी संरक्षकाला धरून ठेवते. तिच्याखाली पाय सुन्न होणे किंवा मुंग्या येणे हे माप लहान असल्याचे लक्षण होय. बाहीसारखा संरक्षक बूट काढल्याशिवाय चढविता येत नाही. पट्ट्यांनी उघडणारा संरक्षक बूट पायात असतानाही बांधता येतो.

मर्यादा

हे संरक्षक गुडघ्याला पिळा बसून होणाऱ्या अस्थिबंधांच्या दुखापती रोखत नाहीत. त्यासाठीचे बिजागरीयुक्त ‘नी ब्रेस’ हे वेगळे साधन असून, पूर्वी अशी दुखापत झालेल्यांनी अस्थिरोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ते निवडावे. पेडलच्या पिनेने झालेल्या खोल जखमेत माती गेलेली असते. ती स्वच्छ धुणे व धनुर्वाताची लस घेतलेली आहे का, हे पाहणे संरक्षक असतानाही टळत नाही.

निगा

आतील पॅड काढता येत असल्यास ते वेगळे करून कापड हाताने थंड पाण्यात धुतात व सावलीत वाळवितात. कडक उन्हात किंवा तापलेल्या मोटारीत ठेवल्यास फोम व चिकटविलेले जोड खराब होतात. कवचाला तडा गेल्यास किंवा दाबलेला फोम मूळ जाडीवर परत येत नसल्यास संरक्षक बदलावा.