अंगठा, सही आणि पावती

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे या लहानशा गावात ८ मार्च २०१६ रोजी, म्हणजे महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या मदतीने ती उभी केली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीच्या घरात पोचलेल्या बायका गुलाबी साडी नेसून, दप्तरात पाटी घेऊन शाळेत येऊ लागल्या. शिकवणारी गावातलीच एक सून आणि विद्यार्थिनींमध्ये तिची सासू. देशोदेशींच्या वार्ताहरांनी या शाळेवर लिहिलं. त्या लिखाणात एक गोष्ट हमखास यायची: आता या आज्या अंगठा देत नाहीत, सही करतात.

कौतुक खरंच होतं. पण त्याच सुमारास सरकारी कारभारात उलट्या दिशेने एक बदल चालला होता. रेशन, बँक, पेन्शन, सगळीकडे अंगठा परत येत होता. आजीने मोठ्या कष्टाने मागे टाकलेली खूण एक यंत्र तिच्याकडे पुन्हा मागू लागलं. बाई आणि तंत्रज्ञान यांचं नातं आपल्या ग्रामीण भागात कसं घडलं हे समजून घ्यायचं, तर या अंगठ्याचा इतिहास पाहायला हवा.

अंगठा कारभारात आला तो बंगालमध्ये. जुलै १८५८ मध्ये जंगीपूरचे इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी रस्त्याचं सामान पुरवण्याचा करार राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी केला आणि कागदाच्या मागे त्याच्या सबंध हाताचा ठसा घेतला. कोनाईने पुढे ‘सही माझी नाही’ असं म्हणू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे १८७७ मध्ये हुगळीत हर्शेल यांनी दस्तनोंदणी, पेन्शन आणि तुरुंग या तिन्ही ठिकाणी बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठसे तपासणारा जगातला पहिला विभाग निघाला. हजारो ठशांतून हवा तो शोधायचा कसा, हा तिथला मोठा प्रश्न होता. त्याचं गणित मांडलं ते काझी अझिझुल हक यांनी. दहा बोटांवरच्या आकृत्यांवरून त्यांनी १०२४ कप्प्यांची वर्गवारी बसवली. हेमचंद्र बोस यांनीही या कामात मोठी भर घातली. पद्धतीला नाव मात्र मिळालं त्यांचे साहेब एडवर्ड हेन्री यांचं. हक यांना सरकारने नंतर खानबहादूर किताब आणि पाच हजार रुपये दिले.

या इतिहासात एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. ठसा शोधला गेला तो ठसा देणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे, घेणाऱ्याच्या खात्रीसाठी. ‘हा माणूस तोच आहे’ एवढंच ठसा सांगतो. त्या माणसाने कागद वाचला का, त्याला तो समजला का, तो त्याला मान्य होता का, यातलं काहीही ठशातून कळत नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे हर्शेलच्या प्रयोगाची गंधवार्ता नसतानाही कळलं होतं. मुरबाडहून माळशेज घाट चढलं की पुणे जिल्हा लागतो. १२ मे १८७५ रोजी त्या जिल्ह्यातल्या सुपे गावी कुणबी सावकारांविरुद्ध उठले आणि उठाव नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. लोकांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. ते कागद हिसकावून जाळले गेले, कारण ज्यावर आपली खूण आहे पण आपल्याला वाचता येत नाही, असा कागद कोणत्याही शस्त्रापेक्षा घातक असतो. सरकारने १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली रोखे लिहिले जावेत, ही तरतूद त्यात आली. ठसा किंवा सही पुरेशी नाही, मजकूर समजायला हवा, हे तत्त्व कायद्याला तेव्हाच मान्य करावं लागलं.

ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींची कथा याहून कडू आहे. कर्ज, वेठ आणि लग्नगडी यांच्या जोखडाविरुद्ध १९४५ मध्ये वारली उठले. त्यांच्यात राहून काम करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ लिहून ठेवला आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनाही मालकाकडे राबावं लागे. म्हणजे खूण नवऱ्याची आणि बांधली जायची बाईसुद्धा.

बाईच्या वाट्याला तर स्वतःची खूण करण्याचे प्रसंगही थोडेच आले. आमच्या समाजात निकाहनाम्यावर वधूची सही लागते. जुन्या निकाहनाम्यांवर त्या जागी अनेकदा अंगठाच दिसतो. मेहरची रक्कम, अटी, साक्षीदार हे सगळं तिच्या हक्काचं. पण ज्या कागदावर तिचे हक्क लिहिलेले, तोच तिला वाचता येत नव्हता. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम नऊ साक्षर होत्या, हे ध्यानात घेतलं म्हणजे हे दुखणं कोणा एका समाजाचं नव्हतं हे पटेल. ‘निशाणी डावा अंगठा’ हे शब्द मराठी कागदपत्रांत इतके रुळले की रमेश इंगळे उत्रादकरांनी साक्षरता मोहिमेवरच्या आपल्या कादंबरीला तेच नाव दिलं.

आता पुन्हा आपल्या काळात येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार कार्ड रंजना सोनवणे यांना मिळालं. म्हणजे या नव्या यंत्रणेची पहिली नोंद महाराष्ट्रातल्या एका खेड्यातल्या बाईची आहे. पुढे रेशन दुकानांत ई-पॉस मशीन आलं. धान्य भलत्याच्या नावावर जाऊ नये हा त्यामागचा हेतू, आणि तो वाईट नव्हता. अडचण बोटांची होती.

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात आणि त्यांचा आराखडा जन्मभर बदलत नाही. पण वरची त्वचा झिजते. मशीनला त्वचेचे उंचवटे आणि खोलगट भाग वेगवेगळे ओळखता आले तरच ठसा जुळतो. राब भाजणं, भाताची लावणी, भांडी घासणं, मोळ्या वाहणं, वीटभट्टीवर चिखल आणि विटा हाताळणं, या कामांत उंचवटेच घासून सपाट होतात. शहापूर-मुरबाडमधली कित्येक कातकरी कुटुंबं पाऊस संपला की वीटभट्टीवर जातात. त्यात वय झालं की त्वचा कोरडी आणि सैल पडते. ‘मशीन थम घेत नाही’ हे वाक्य रेशनच्या रांगेत कशामुळे ऐकू येतं, त्याचं शास्त्र इतकं साधं आहे. जिने सगळ्यात जास्त राबावं, तिचीच ओळख यंत्राला सगळ्यात उशिरा पटावी, असा हा प्रकार. ठसा जुळला नाही म्हणून कोणालाही हक्काचं धान्य नाकारू नये, असं केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानेही ही काळजी नोंदवली. पण रांगेत उभ्या असलेल्या बाईला ही तरतूद वाचून कोण दाखवणार?

याच मुरबाड तालुक्यातलं धसई गाव नोटाबंदीनंतर १ डिसेंबर २०१६ रोजी ‘कॅशलेस’ म्हणून जाहीर झालं. दुकानांत कार्डाची मशीन आली. फांगण्याची शाळा आणि धसईची मशीन एकाच तालुक्यातली, एकाच वर्षातली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली की फरक कळतो. शाळेने बाईला विचारलं, तुला काय शिकायचंय? तिचं उत्तर होतं, पोथी वाचायचीय. मशीनने विचारलं, चार आकडी पिन काय? ज्या बाईला आकडे ओळखता येत नाहीत ती पिन दुसऱ्याला सांगते, आणि पिन दुसऱ्याला सांगितली की खातं तिच्या नावाचं उरतं, ताब्यातलं राहत नाही.

सरकारने ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना २०१७ मध्ये आणली. सहा कोटी घरांचं उद्दिष्ट होतं. घरटी एक व्यक्ती, वय १४ ते ६०. घरातून एकालाच पाठवायचं तर आपल्या घरांत कोण जाईल, याचं उत्तर वाचकांना ठाऊक आहे. साठीच्या अटीमुळे फांगण्याच्या आज्यांना तर दारच बंद होतं. नंतर आलेल्या २०२२ ते २०२७ च्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात मात्र १५ वर्षांपुढच्या सगळ्यांना जागा आहे आणि आर्थिक व डिजिटल साक्षरताही त्यात धरली आहे. ही सुधारणा मोलाची आहे. ती कागदावर राहू नये, हे पाहणं गावातल्या शिकलेल्या मुलींच्या आणि सुनांच्या हाती आहे. फांगण्यात सुनेने सासूला शिकवलं, तसंच.

यासाठी फार मोठं काही लागत नाही. ई-पॉस मशीनमधून पावती निघते. किती धान्य मिळायला हवं, किती दिलं, किती पैसे घेतले, हे तिच्यावर असतं. ती पावती मागणं आणि ती वाचणं हा ग्रामीण बाईसाठी तंत्रज्ञानाचा पहिला धडा असायला हवा. दुसरा धडा बँकेच्या मेसेजमधली जमा आणि नावे ओळखण्याचा. तिसरा, स्वतःची पिन स्वतः टाकण्याचा. व्हिडिओ पाहणं आणि आवाज पाठवणं बायका कोणी न शिकवता शिकल्या आहेत, तेव्हा बुद्धी कमी पडते असं म्हणण्यात अर्थ नाही.

१८५८ पासून अंगठ्याने एकच काम केलं आहे: माणूस कोण आहे ते दुसऱ्याला सांगणं. सही एक पाऊल पुढे जाते, कारण तिच्यामागे निदान अक्षरओळख असते. पण सहीवरही थांबून चालणार नाही. नाव गिरवता येणारी पण पावती न वाचता येणारी बाई आकडेवारीत साक्षर ठरते आणि दुकानात फसते. यंत्र तिला ओळखतं, हे आता झालं. ते यंत्र काय छापतंय, हे तिला वाचता आलं पाहिजे.