नवसाक्षर

नवसाक्षर : शाळेचे वय उलटल्यावर लिहायला-वाचायला शिकलेली व्यक्ती. भारतीय जनगणनेत सात वर्षे व त्यापुढील वयाची, कोणतीही एक भाषा समजून वाचता-लिहिता येणारी व्यक्ती साक्षर धरतात; नुसती सही येऊन भागत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता ८२.३ टक्के होती. पुरुषांत ती ८८.४, तर स्त्रियांत ७५.९ टक्के होती.

प्रौढाला अक्षरओळख काही महिन्यांत होते. ती टिकते का, हा खरा प्रश्न. आणि शासकीय अहवालांना पहिल्या भागाचीच हौस अधिक. सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम पुढे राज्यभर पसरली. प्राथमिक शिक्षक वर्ग चालवीत, सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. उत्साह दांडगा होता, पण नंतरच्या वाचनाची सोय तोकडी पडली आणि शिकलेल्यांपैकी पुष्कळ जण पुन्हा निरक्षरतेकडे वळले.

या दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व मुंबईत कुलसुम सयानी (१९००–१९८७) यांनी लवकर ओळखले होते. १९३० च्या दशकाअखेरीस त्या मुस्लिम वस्त्यांतल्या पडदानशीन स्त्रियांना घरोघर जाऊन शिकवू लागल्या. मग या स्त्रियांनी वाचायचे काय? म्हणून त्यांनी १९४० मध्ये ‘रहबर’ हे पाक्षिक काढले. भाषा सोपी हिंदुस्थानी, लिप्या मात्र तीन : नागरी, उर्दू व गुजराती. महात्मा गांधींचे त्याला प्रोत्साहन होते. वीस वर्षे ते चालले.

प्रौढ शिकणाऱ्यांच्या अडचणी पोरासोरांच्या नसतात. बाजारहाट करणाऱ्या बाईचा तोंडी हिशेब पक्का असतो. तिला अंक लिहिणे तेवढे नवे. तिला एकेरीच्या बेरजांपासून सुरुवात करायला लावणे म्हणजे तिचा वेळ वाया घालवणे होय. मजुरी, पाणी, रेशन असे रोजचे शब्द आधी घेऊन त्यांतून अक्षरे सुटी केली, तर शिकणे सोपे जाते. जोडाक्षरे मात्र बराच काळ अडवतात. चाळिशी उलटलेल्यांना कित्येकदा आधी चष्मा लागतो, आणि ही साधी गोष्ट योजनेच्या कागदावर सहसा नसते. वर्गाची वेळही शिकणाऱ्यांनीच ठरवलेली बरी : स्त्रियांना रात्रीची भांडी आवरल्यावर सवड मिळते, तर ऊसतोडीच्या गावांत दिवाळीनंतर वर्गच रिकामा होतो. वाचता येत नाही हे चारचौघांत उघडे पडण्याची लाज वाटून बरेच जण, विशेषतः पुरुष, वर्गाकडे फिरकत नाहीत. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी सुरू झालेल्या आजीबाईंच्या शाळेत साठी उलटलेल्या स्त्रिया गुलाबी लुगड्याच्या गणवेशात उघडपणे पाटी-दप्तर घेऊन येऊ लागल्या.

सध्या पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रम (२०२२–२०२७) स्वयंसेवकांच्या बळावर राबवला जातो. त्याची चाचणी १५० गुणांची. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण. उत्तीर्ण झालेल्यांना प्रमाणपत्र मिळते. त्यांच्या हाती पुढे मोठ्या टाइपातले, त्यांच्या कामाधंद्याचे वाचन पडावे, यासाठी गावचे ग्रंथालय हीच जवळची जागा. पण तिथल्या कपाटांत बहुतेक पुस्तके सराईत वाचकांसाठीच असतात.